वैद्यव्यवसाय : आचारदंडक व कार्यस्थळ-संरक्षण

नोंदणीकृत वैद्य, परिचारिका आदींनी पाळायचे व्यावसायिक दंडक आणि कामाच्या जागी त्यांना कायद्याने मिळणारे संरक्षण. नागपुरातील सक्करदरा चौकाजवळचे शासकीय आयुर्वेद महाविद्यालय व रुग्णालय हे याचे सोयीचे उदाहरण आहे.

नोंदणी : महाराष्ट्रातील वैद्यांची नोंदणी ‘महाराष्ट्र वैद्यक व्यवसायी अधिनियम, १९६१’ अन्वये मुंबईतील महाराष्ट्र भारतीय वैद्यक परिषद करते. साडेचार वर्षांचा अभ्यासक्रम व वर्षभराची आंतरवासिता झाली, की पदवीधराला कायम नोंदणी घेता येते. नोंदणीविना वैद्यकी करणाऱ्या बोगस डॉक्टरांवर याच अधिनियमाच्या कलम ३३ खाली गुन्हे दाखल होतात. देशपातळीवर २०२० च्या कायद्याने स्थापन झालेला राष्ट्रीय भारतीय वैद्यक पद्धती आयोग शिक्षण व आचाराचे नियम ठरवतो. परिचारिकांची नोंदणी १९६६ च्या अधिनियमानुसार महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे असते.

प्रत्यक्ष काम : पंचकर्म विभागात वमन (औषधाने उलटी) करवताना रुग्णाची लेखी संमती घेतात, नाडी, रक्तदाब आणि वमनाचे वेग केसपेपरवर टिपतात. तक्रार उद्भवली तर हाच कागद वैद्याच्या बाजूने किंवा विरुद्ध बोलतो. स्नेहन-स्वेदन (तेल लावणे व शेक देणे) करणारे परिचारक वैद्य व परिचारिकांच्या वरील दोन्ही नोंदणींत नसतात. त्यांच्या हातून घडलेल्या चुकीचा जाब बहुधा वैद्यालाच द्यावा लागतो.

संरक्षण : महाराष्ट्राच्या २०१० च्या कायद्यानुसार नोंदणीकृत वैद्यक व्यवसायी, परिचारिका, वैद्यकीय व परिचर्येचे विद्यार्थी आणि निमवैद्यकीय कर्मचारी यांच्यावरील हल्ला दखलपात्र व अजामीनपात्र गुन्हा आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद व पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड. मोडतोड झालेल्या सामग्रीच्या खरेदी किमतीच्या दुप्पट भरपाईही द्यावी लागते. लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी २०१३ च्या कायद्याने अंतर्गत समिती बंधनकारक आहे.

उणिवा : १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ मध्ये हयगयीमुळे मृत्यू घडल्यास पाच वर्षांपर्यंत कैद आहे. वैद्यकीय उपचार करताना तसे घडले तर नोंदणीकृत डॉक्टरला कमाल दोन वर्षांची. मात्र ही सवलत राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या कायद्याखालील पदवी व नोंदणी असणाऱ्यांपुरतीच आहे. आयुर्वेदाच्या वैद्याला ती लागू नाही. शिवाय परिषद जाब विचारते तो व्यक्तीला. एका परिचारिकेवर दोन वॉर्ड, लागोपाठच्या रात्रपाळ्या, रिक्त पदे हे प्रश्न परिषदेच्या कक्षेत येत नाहीत. शासकीय महाविद्यालयात ते अधिष्ठात्यांमार्फत आयुष संचालनालयाकडे मांडावे लागतात. म्हणजे अपुऱ्या मनुष्यबळामुळे चूक घडली तरी परिषदेपुढे उभा राहतो तो त्या पाळीवरचा वैद्य किंवा परिचारिका. पदे न भरणारी यंत्रणा नव्हे.