टोकियोचे सरीन आणि प्रार्थनागृहातील रुग्ण
20 मार्च 1995 रोजी ओम शिनरिक्यो पंथाच्या अनुयायांनी टोकियोच्या भुयारी रेल्वेत सरीन हे मज्जासंस्थेवर आघात करणारे विष सोडले, तेव्हा शहरातील सेंट ल्यूक रुग्णालयात एकाच दिवशी 640 रुग्ण आले आणि त्यांतील बहुतेक रुग्णवाहिकेशिवाय पोहोचले. रुग्णालयाच्या प्रार्थनागृहाच्या भिंतींतही प्राणवायूच्या जोडण्या आधीच बसवलेल्या असल्याने तेथेही उपचार करता आले. परंतु निर्विषीकरण, म्हणजे कपडे उतरवून अंग धुणे, प्रवेशापूर्वी न झाल्यामुळे रुग्णांच्या कपड्यांतील सरीनच्या वाफेची बाधा कर्मचाऱ्यांनाही झाली, आणि हवा न खेळणाऱ्या त्याच प्रार्थनागृहात तिचा जोर अधिक होता. 1994 मध्ये जपानमधीलच मात्सुमोतो शहरात सरीनबाधित रुग्ण हाताळलेल्या डॉक्टरांनी आपणहून रुग्णालयाला दूरध्वनी करून सरीनबाधेची लक्षणे कळवली; या तत्परतेचे मोल कोणत्याही आराखड्याहून अधिक मानावे लागते.