फोटोची साईज कोण ठरवतं? काचेपासून मोबाईलपर्यंत

आजचा भाग फोटोच्या साईजवर. ऐकून वाटेल, यात कसला आलाय इतिहास? पण बघा, तुमच्या मोबाईलमधल्या फोटोला मुळात साईजच नसते. तो इंचात मोजता येत नाही. तो म्हणजे नुसते पिक्सेल, रंगाचे मोजून ठेवलेले ठिपके. इंच येतात ते फोटो कागदावर उतरताना. आणि ते इंच ठरवणारा मालक दर काळात बदलत आलाय.

पहिला मालक होता काच. १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. तेव्हा निगेटिव्ह म्हणजे काचेची प्लेट असायची. ती कागदावर ठेवायची, उन्हात धरायची, की प्रिंट तयार. त्यामुळे जेवढी काच तेवढाच फोटो. मोठा फोटो पाहिजे? मग मोठी काच, मोठा कॅमेरा, आणि तो उचलायला माणसं. क्वार्टर प्लेट म्हणजे सव्वातीन बाय सव्वाचार इंच, फुल प्लेट म्हणजे साडेसहा बाय साडेआठ. जुन्या स्टुडिओवाल्यांच्या तोंडी असलेले 'हाफ प्लेट', 'फुल प्लेट' हे शब्द तिथून आले. त्याच १८५४ मध्ये पॅरिसच्या दिस्देरीने एकाच काचेवर अनेक छोटे फोटो घ्यायची युक्ती पेटंट केली. फोटो व्हिजिटिंग कार्डाएवढा झाला आणि स्वस्त झाला. म्हणजे फोटो सामान्य माणसाच्या घरात पोचला तो लहान होऊन.

पण फोटो पुस्तकात छापायचा कसा? छपाईची शाई एक तर लागते, नाहीतर लागत नाही. करडा रंग तिला येत नाही. यावर तोड निघाली १८८० च्या दशकात, हाफटोनची. बारीक रेघांच्या काचेच्या जाळीतून फोटो घ्यायचा, म्हणजे त्याचे लहान-मोठे ठिपके होतात. गडद भागात मोठे, उजळ भागात लहान. लांबून डोळ्याला ते करडेच दिसतात. ही विद्या आपल्याकडे शिकलेला एक माणूस तुम्हाला चांगला माहीत आहे: त्र्यंबकेश्वरचे दादासाहेब फाळके. 'राजा हरिश्चंद्र' १९१३ चा. त्याआधी ते फोटोग्राफर होते, ब्लॉक बनवणारे होते. लोणावळ्यात त्यांनी छपाईचा कारखाना काढला, आणि रंगीत छपाईची यंत्रं आणायला १९०९ मध्ये जर्मनीला गेले.

आता गंमत ऐका. चांगल्या मासिकाच्या छपाईत ही जाळी इंचाला साधारण १५० ओळींची असते. फोटो नीट उतरायला प्रत्येक ओळीमागे दोन पिक्सेल धरतात. १५० दुणे ३००. 'फोटो ३०० डीपीआयचा पाठवा' असं प्रेसवाला सांगतो ना, त्यातला ३०० या जाळीतून आलाय. आणि हातात धरलेल्या कागदावर आपल्या डोळ्यालाही इंचाला साधारण तेवढेच ठिपके वेगळे दिसतात. त्यापुढे दिसत नाहीत.

आता आपल्या कोल्हापुरात येऊ. इथं मोठ्या चित्राचा मालक होता पेंटर. बाबूराव पेंटरांनी आधी नाटकांचे पडदे रंगवले, मग महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली, १९२० मध्ये 'सैरंध्री' आणला. छोट्या फोटोवरून भलंमोठं चित्र काढायची पेंटर लोकांची जुनी रीत म्हणजे चौकटी पाडणे. फोटोवर बारीक चौकटी, पडद्यावर तेवढ्याच मोठ्या चौकटी, आणि एकेक चौकट उतरवत जायचं. म्हणजे पिक्सेलच की हो! फरक एकच. चौकट मोठी झाली की आत काय भरायचं हे पेंटरला कळायचं. नाही कळलं तर तो घरच्यांना विचारू शकायचा. कॉम्प्युटर एक तर ठिपका ताणतो, नाहीतर अंदाज करतो.

पुढे ३५ मिलिमीटरचा रोल आला. त्याची एक फ्रेम २४ बाय ३६ मिलिमीटर, म्हणजे दोनास तीन. लग्नाच्या अल्बममधला चार बाय सहाचा 'मॅक्सी' फोटो बरोबर त्याच प्रमाणात. रोल आणि कागद एकमेकांना शोभायचे, म्हणून साईजचा विचार आपण कधी केलाच नाही. लॅबवाला बघून घ्यायचा. आमच्या वारणा खोऱ्यात १९९८ पासून 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्पात ७० गावांसाठी कॉम्प्युटरचं जाळं उभं राहू लागलं, उसाच्या नोंदी त्यावर व्हायला लागल्या. पण त्या काळात बारशाचा फोटो मात्र रोल धुऊनच मिळायचा.

मग मोबाईल आला. त्याचा सेन्सर बहुतेक वेळा तीनास चार. तुमचा १२ मेगापिक्सेलचा फोटो, म्हणजे ४००० बाय ३००० पिक्सेल, चार बाय सहाच्या कागदावर पूर्ण मावतच नाही. कागद भरायचा तर आखूड बाजूचे सुमारे ११ टक्के कापावेच लागतात. ग्रुप फोटोत मागच्या रांगेची डोकी जातात ती यामुळे.

दुसरा घोळ व्हॉट्सअ‍ॅपचा. गणित सोपं आहे: पिक्सेल भागिले ३०० म्हणजे इंच. ४००० भागिले ३००, म्हणजे तेरा इंचांपर्यंत फोटो कडक येतो. पण साध्या पद्धतीने पाठवलेल्या फोटोची लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलच उरते. म्हणजे पाच इंच. तोच फोटो बारा बाय अठरावर ताणला की इंचाला ८९ पिक्सेल. फाईलमध्ये ७२ चा आकडा खोडून ३०० लिहिला तरी एक पिक्सेल वाढत नाही. चौकातल्या दहा फुटी फ्लेक्सला ३३ सुद्धा पुरतात, कारण तो आपण रस्त्यापलीकडून बघतो. घरातली फ्रेम हातभरावरून बघतो.

आणि ती फ्रेम बहुतेक घरांत एकाच वेळी बनते. माणूस जातं, रक्षाविसर्जनाच्या आत फोटो मोठा करून पाहिजे असतो. घाईत कुणाच्या तरी स्टेटसचा स्क्रीनशॉट सापडतो, लग्नाच्या गर्दीतून आजीचा चेहरा कापला जातो. चेहऱ्याच्या वाट्याला येतात दोन-तीनशे पिक्सेल. मग एखादं अ‍ॅप तो 'क्लिअर' करून देतं. म्हणजे नसलेले डोळे, नसलेल्या सुरकुत्या अंदाजाने भरतं. भिंतीवर हार घातलेली बाई आजीसारखी दिसते, पण आजी नसते.

तेव्हा मंडळी, सणाला सगळे घरी जमले की एवढं करा. आजी-आजोबांना खिडकीजवळच्या उजेडात बसवा. मागच्या कॅमेऱ्याने, झूम न करता, चारी बाजूंनी जागा सोडून फोटो घ्या. मूळ फाईल जपून ठेवा, आणि लॅबला देताना पेनड्राइव्हवर किंवा डॉक्युमेंट म्हणून द्या. कागदाचं माप आधी विचारा, आणि काय कापायचं ते स्वतः ठरवा. मग एक प्रिंट काढून त्यांच्याच हातात द्या. त्यांना बघू दे की.

भेटू पुढच्या भागात. तोवर राम राम!