काटेरी मासा : पकडण्याची रीत, चिरण्याची पद्धत

यवतमाळ जिल्हा समुद्रापासून दूर असला, तरी माशांना तेथे वाण नाही. उत्तर व पूर्व सीमेवरून वर्धा, तर दक्षिण सीमेवरून पैनगंगा वाहते. पूस, अरुणावती, बेंबळा यांसारख्या नद्यांवर धरणे झाली आणि पैनगंगेवर इसापूरचा विस्तीर्ण जलाशय उभा राहिला. या पाण्यात रोहू, कटला, मृगळ, मरळ हे मासे मिळतात. तरीही शहरातील अनेक घरांत बर्फात आलेल्या समुद्री माशालाच पसंती असते. याचे मुख्य कारण म्हणजे काटे. वस्तुतः या काट्यांची जागा ठरलेली असते. ती ठाऊक असली, की चिरतानाच बरेचसे काम होऊन जाते.

दबा धरणारी मरळ

युरोप, उत्तर अमेरिका व उत्तर आशियातील थंड पाण्यात नॉर्दर्न पाइक हा शिकारी मासा आढळतो. पाणवनस्पतीत निश्चल राहून तो भक्ष्यावर एकाएकी झडप घालतो. त्याच्या मांसात बारीक काटेही पुष्कळ असतात. आपल्याकडे हे दोन गुण दोन निरनिराळ्या माशांत विभागलेले दिसतात. दबा धरते ती मरळ. काटेरी असतात ते रोहू आणि मृगळ.

मरळ कल्ल्यांबरोबरच थेट हवेतूनही श्वास घेते. त्यासाठी तिला वरचेवर पृष्ठभागावर यावे लागते आणि त्या हालचालीवरून जाणकार तिची जागा ओळखतात. बेडूक किंवा लहान मासा गळाला लावून तो पाणवनस्पतीच्या कडेने हळूहळू ओढला, की ती झडप घालते. रोहू आणि मृगळ मात्र प्रामुख्याने वनस्पतिजन्य पदार्थांवर व कुजक्या सेंद्रिय द्रव्यावर जगतात. त्यांच्यासाठी कणकेचा किंवा पेंडीचा गोळा वापरून गळ तळाजवळ ठेवावा लागतो.

एक पथ्य मात्र पाळलेच पाहिजे. पावसाळ्यात मरळीची लालसर-केशरी पिले थव्याने पृष्ठभागाजवळ फिरतात आणि आईबाप त्यांची राखण करतात. अशा वेळी मोठा मासा पकडणे सोपे असते. परंतु राखण करणारा गेला, की सगळा थवा इतर माशांच्या तोंडी पडतो. रोहू-कटल्याची गोष्ट वेगळी आहे. हे मासे पुराच्या वाहत्या पाण्यात अंडी घालतात. साचलेल्या पाण्यात सहसा नाही. १९५७ साली डॉ. हिरालाल चौधरी यांनी ओडिशात संप्रेरकाच्या साह्याने त्यांचे प्रजनन घडवून आणले. जलाशयांत बीज सोडणे त्यामुळेच सुकर झाले. ते बीज सोडून त्यावर उपजीविका करणाऱ्या भोई-ढिवर समाजाच्या सहकारी संस्थांकडे अनेक तलावांचा ठेका असतो. म्हणून गळ टाकण्यापूर्वी त्यांची परवानगी घेणे अगत्याचे आहे.

काटे नेमके कोठे?

रोहूच्या शरीरात दोन प्रकारचे काटे त्रास देतात. पोटाकडील बरगड्या लांब, ठळक व सहज वेगळ्या होणाऱ्या असतात. दुसरे काटे बारीक, कण्याला न जोडलेले आणि मांसातच रुतलेले असतात. त्यांपैकी अनेकांचा आकार इंग्रजी ‘वाय’ अक्षरासारखा असतो. पाठीच्या जाड मांसात आणि शेपटीकडील भागात ते दाटीने आढळतात. मरळीत असे काटे नसतात. तिला बाजारात चांगला भाव येतो त्याचे हे एक कारण होय. लहान मुलांना रोहू द्यायचा झाल्यास पोटाकडील तुकडी द्यावी. त्यातील काटे डोळ्यांना दिसतात.

चिरण्याची पद्धत

मासा खवले काढून साफ करावा. आतडी काढताना पित्ताची पिशवी फुटू देऊ नये. फुटल्यास मांस कडू होते. कण्याच्या दोन्ही बाजूंनी सुरी चालवून मांसाचे दोन सलग पट्टे काढावेत, पण कातडी ठेवावी. पट्टा कातडी खाली करून पाटावर पसरावा आणि धारदार सुरीने आडवे चिरे पाडावेत. दोन चिऱ्यांतील अंतर दोन ते तीन मिलिमीटरच असावे. काटे तुटताना बारीक करकर ऐकू येते. सुरी कातडीपर्यंत न्यावी, पण ती कापू नये.

नंतर मीठ, हळद, तिखट, आले-लसूण आणि चिंचेचा कोळ किंवा लिंबाचा रस चिऱ्यांत चोळून अर्धा तास ठेवावे. आंबटपणामुळे गोड्या पाण्यातील माशाचा मातकट वास कमी होतो; मात्र तेवढ्याने काटे विरघळतात हा समज खरा नाही. पट्टा ज्वारीच्या किंवा तांदळाच्या पिठात घोळवून चांगल्या तापलेल्या तेलात कुरकुरीत तळावा. तेल चिऱ्यांत शिरून काट्यांचे लहान तुकडे खरपूस होतात व मांसाबरोबर चावले जातात. रस्सा करावयाचा असल्यास लहान मासा प्रेशर कुकरमध्ये पाऊण तास किंवा अधिक वेळ शिजवल्यास बारीक काटे मऊ पडतात. तिसरा मार्ग म्हणजे मांस चमच्याने खरवडून त्याचे गोळे करणे. बंगालमध्ये चितळ माशाचे आणि फ्रान्समधील लियाँ येथे पाइकचे असे गोळे प्रसिद्ध आहेत.

काटा अडकल्यास

घशात काटा अडकल्यास केळे किंवा भाताचा गोळा गिळण्याचा घरगुती उपाय करू नये. काटा त्यामुळे अधिक खोल रुतू शकतो. टोचणी थांबत नसेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जावे. श्वास घेण्यास त्रास होत असल्यास किंवा थुंकीतून रक्त येत असल्यास क्षणाचाही विलंब न करता रुग्णालय गाठावे. मासा चिरून, तळून झाला असला, तरी घास सावकाश चावून खाणे हेच उत्तम. बाजारातून मासा घेताना विक्रेत्यालाच बारीक चिरे पाडून देण्यास सांगावे. रोजच्या सवयीचा हात ते काम चटकन करतो.