प्रत्यारोपण औषधतज्ज्ञांचे निवासी प्रशिक्षण

मूत्रपिंड, यकृत, हृदय, फुप्फुस किंवा स्वादुपिंड यांचे प्रत्यारोपण झालेल्या रुग्णांची औषधयोजना सांभाळता यावी, यासाठी फार्मासिस्टला रुग्णालयात वरिष्ठांच्या देखरेखीखाली दिले जाणारे पदव्युत्तर प्रशिक्षण. अमेरिकेत ते एक वर्षाचे, मान्यताप्राप्त आणि स्वतंत्र प्रशिक्षण आहे. भारतात फार्मसी कौन्सिलच्या अभ्यासक्रमांत या नावाचा स्वतंत्र निवासी अभ्यासक्रम नाही, फार्म.डी. पदवीचे इंटर्नशिप वर्ष हा त्याचा सर्वांत जवळचा पर्याय होय. प्रत्यारोपणाची केंद्रे मोठ्या शहरांत आणि रुग्ण गावोगावी अशी स्थिती असल्याने, पुणे जिल्ह्यातील घोडेगावसारख्या तालुक्याच्या ठिकाणीही या विषयाला महत्त्व आहे.

पार्श्वभूमी : २३ डिसेंबर १९५४ रोजी बॉस्टन येथे जोसेफ मरे यांनी एका जुळ्या भावाचे मूत्रपिंड दुसऱ्याला बसवले. भाऊ एकसारखे जुळे असल्याने शरीराने परका अवयव नाकारण्याचा प्रश्न तेथे आला नाही. इतर रुग्णांसाठी मात्र रोगप्रतिकारशक्ती दाबणारी औषधे मिळेपर्यंत थांबावे लागले. १९६२ मध्ये अ‍ॅझाथायोप्रिनचा उपयोग सुरू झाला. नॉर्वेतील मातीतल्या बुरशीपासून मिळालेल्या सायक्लोस्पोरिनला १९८३ मध्ये आणि जपानमधील त्सुकुबा येथील मातीतल्या जिवाणूपासून मिळालेल्या टॅक्रोलिमसला १९९४ मध्ये अमेरिकेत परवानगी मिळाली.

महाराष्ट्रात शस्त्रक्रियेचे प्रयत्न लवकर झाले. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात मे १९६५ मध्ये मृत दात्याचे मूत्रपिंड बसवण्यात आले. तेथेच १६ फेब्रुवारी १९६८ रोजी डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी हृदय प्रत्यारोपण केले. रुग्ण काही तासच जगला. शस्त्रकौशल्य होते, परंतु अवयव दीर्घकाळ टिकवणारी पुरेशी प्रभावी औषधे तेव्हा हाताशी नव्हती. ती आल्यावर अडचणीचे स्वरूप बदलले : औषध मिळवण्यापेक्षा ते रक्तात नेमक्या पातळीवर ठेवणे अवघड ठरले. प्रत्यारोपण चमूत औषधतज्ज्ञाची गरज येथून निर्माण झाली.

कामाचे स्वरूप : टॅक्रोलिमसची उपयुक्त आणि घातक पातळी यांतील अंतर फार थोडे असते. पातळी घसरली तर शरीर अवयव नाकारू लागते. वाढली तर हात थरथरणे, रक्तातील साखर व पोटॅशियम वाढणे असे त्रास होतात आणि ज्या मूत्रपिंडासाठी औषध चालू असते त्यालाच इजा होते. अनेक केंद्रांत मूत्रपिंड प्रत्यारोपणानंतर सुरुवातीच्या महिन्यांत दर मिलिलिटर रक्तात साधारण ८ ते १२ नॅनोग्रॅम आणि पुढे ५ ते ८ नॅनोग्रॅम पातळी ठेवतात. काही व्यक्तींच्या शरीरात हे औषध जन्मजात वेगाने मोडते. त्यांना इतरांपेक्षा मोठी मात्रा लागते.

टॅक्रोलिमसचे विघटन मुख्यतः यकृतातील व आतड्यातील एका विकरसमूहाकडून होते. त्या विकरांची गती बदलणारे कोणतेही औषध टॅक्रोलिमसची पातळी बदलते. क्लॅरिथ्रोमायसिन, फ्लुकोनॅझोलसारखी बुरशीरोधके आणि रक्तदाबाचे औषध डिल्टियाझेम पातळी वाढवतात. रिफाम्पिसिन व फेनिटॉइन ती पाडतात. महागड्या औषधाची मात्रा कमी लागावी म्हणून भारतातील काही डॉक्टर डिल्टियाझेम जाणीवपूर्वक जोडतात. अशा वेळी रक्तदाब चांगला आहे म्हणून ते परस्पर बंद केले, तर टॅक्रोलिमसची पातळी खाली येते. ग्रेपफ्रूट आणि पपनस ही फळेही पातळी वाढवू शकतात. इतर औषधांचेही असेच आहे. अ‍ॅझाथायोप्रिन घेणाऱ्याला गाऊटसाठी अ‍ॅलोप्युरिनॉल नेहमीच्या मात्रेत दिल्यास अस्थिमज्जेवर गंभीर परिणाम होतो. मायकोफेनोलेट हे प्रतिकारशक्ती दाबणारे आणखी एक औषध गर्भाला घातक असल्याने गर्भधारणेचा विचार करणाऱ्या स्त्रीचे औषध आधीच बदलावे लागते.

याखेरीज जंतुसंसर्ग टाळण्यासाठी को-ट्रायमॉक्साझोल व व्हॅलगॅन्सिक्लोव्हिर किती काळ द्यायचे, कोणत्या लसी चालतात (जिवंत जंतूंच्या लसी सहसा टाळतात), एका कंपनीचे टॅक्रोलिमस बदलून दुसऱ्या कंपनीचे दिल्यावर रक्ततपासणी केव्हा करायची, हे ठरवण्यातही औषधतज्ज्ञाचा सहभाग असतो. घरी जाण्यापूर्वी रुग्ण व नातेवाइकांना प्रत्येक गोळीचे नाव, वेळ आणि कारण समजावणे हे त्याचे नित्याचे काम आहे.

अमेरिकेतील रचना : तेथील आरोग्यसंस्थांच्या औषधतज्ज्ञांच्या संघटनेने १९६०च्या दशकाच्या सुरुवातीस निवासी प्रशिक्षणाला मान्यता देण्याची पद्धत सुरू केली. फार्म.डी. नंतर पहिले वर्ष सर्वसाधारण निवासी प्रशिक्षणाचे असते आणि दुसरे वर्ष विशेष विषयाचे. प्रत्यारोपण हा अशा विषयांपैकी एक. त्या वर्षात उमेदवार मूत्रपिंड, यकृत, हृदय व फुप्फुस यांचे वॉर्ड, अतिदक्षता विभाग, संसर्गरोग विभाग आणि बाह्यरुग्ण विभाग यांत पाळीपाळीने काम करतो. तो चमूबरोबर राउंड घेतो, विद्यार्थ्यांना शिकवतो आणि एक संशोधन प्रकल्प पूर्ण करतो. प्रत्येक पाळीअखेर मार्गदर्शक त्याचे लेखी मूल्यमापन करतात.

या प्रशिक्षणाला मागणी आली ती नियमांमुळे. अवयववाटप पाहणाऱ्या राष्ट्रीय संस्थेने २००४ मध्ये प्रत्यारोपण केंद्राच्या चमूत औषधतज्ज्ञाचा समावेश अपेक्षित केला. २००७ मध्ये सरकारी आरोग्यविम्याच्या अटींत औषधशास्त्राचे ज्ञान असलेला सदस्य चमूत असणे आवश्यक ठरले. २०१८ मध्ये अवयव प्रत्यारोपण हे औषधतज्ज्ञांचे स्वतंत्र विशेषक्षेत्र म्हणून मान्य झाले आणि २०२० मध्ये त्याची पहिली प्रमाणन परीक्षा झाली.

भारतातील स्थिती : फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाने २००८ मध्ये फार्म.डी. अभ्यासक्रम आणला. तो सहा वर्षांचा असून शेवटचे वर्ष रुग्णालयात काढायचे असते : सहा महिने सर्वसाधारण वैद्यक विभागात आणि प्रत्येकी दोन महिने अन्य तीन विशेष विभागांत. नेफ्रॉलॉजी हा त्यांपैकी एक विभाग मिळाला, तर विद्यार्थ्याचा प्रत्यारोपण रुग्णांशी संबंध येतो. परंतु तो फार तर दोन महिने टिकतो. पुण्यात भारती विद्यापीठाच्या पूना कॉलेज ऑफ फार्मसीत फार्म.डी. शिकवले जाते. २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमावलीने रुग्णाला सल्ला देणे हे फार्मासिस्टचे कर्तव्य म्हणून नोंदवले.

प्रत्यारोपणाच्या कायद्याने मात्र औषधतज्ज्ञासाठी अशी जागा निर्माण केलेली नाही. मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा १९९४ मध्ये झाला आणि २०११ मध्ये त्यात दुरुस्ती झाली. त्या दुरुस्तीने नोंदणीसाठी रुग्णालयाला प्रत्यारोपण समन्वयक नेमणे बंधनकारक केले. परिणामी समन्वयकांसाठी प्रशिक्षणवर्ग निघाले आणि पदे निर्माण झाली. औषधतज्ज्ञाबाबत अशी सक्ती नसल्याने हे काम नेफ्रॉलॉजिस्ट, निवासी डॉक्टर, समन्वयक आणि परिचारिका यांच्यात वाटले गेले आहे. काही मोठ्या खासगी रुग्णालयांत क्लिनिकल फार्मासिस्ट आहेत. तेथे ते काम करताकरताच हा विषय शिकतात.

पुणे जिल्हा व घोडेगाव : पुण्यात विभागीय प्रत्यारोपण समन्वय समिती कार्यरत असून ससून, रुबी हॉल, सह्याद्री, ज्युपिटर अशा रुग्णालयांत प्रत्यारोपणे होतात. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत मूत्रपिंड प्रत्यारोपणासाठीची मर्यादा २०२३ मध्ये साडेचार लाख रुपये करण्यात आली. शस्त्रक्रियेनंतर रुग्ण गावी परततो आणि औषधे पुढे अवयव चालतो तोवर घ्यावी लागतात.

घोडेगाव हे आंबेगाव तालुक्याचे मुख्यालय घोड नदीकाठी, पुण्यापासून सुमारे ७५ किलोमीटरवर आहे. एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय येथेच असून पश्चिमेकडील भीमाशंकरच्या डोंगरपट्ट्यात महादेव कोळी व ठाकर समाजाची वस्ती आहे. गावात ग्रामीण रुग्णालय, तर मंचरला उपजिल्हा रुग्णालय आहे. प्रत्यारोपण केंद्र तालुक्यात नाही. अशा परिसरात प्रशिक्षित औषधतज्ज्ञाचे ज्ञान पुढील बाबींत उपयोगी पडते.

टॅक्रोलिमसच्या पातळीसाठी रक्त रात्रीच्या मात्रेनंतर बारा तासांनी आणि सकाळची गोळी घेण्यापूर्वी द्यायचे असते. डोंगरातल्या गावाहून पहाटेच्या एसटीने पुण्याला निघालेल्या रुग्णाने सवयीने घरीच गोळी घेतली, तर अहवाल फसवा येतो आणि मात्रा विनाकारण कमी केली जाते. ‘गोळी बरोबर घ्या, रक्त दिल्यावर खा’ अशी सूचना आदल्या भेटीतच द्यावी लागते.

पावसाळ्यात दूषित पाण्याने जुलाब होतात. जुलाबात टॅक्रोलिमसची पातळी वाढू शकते आणि शरीरातील पाणी घटल्याने मूत्रपिंडावर दुहेरी ताण येतो. म्हणून अशा रुग्णाला केवळ जुलाबाची गोळी देऊन भागत नाही. केंद्राला कळवून रक्त तपासावे लागते. भातलावणीनंतर अंग दुखते म्हणून मेडिकलमधून घेतलेल्या डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामकानेही बसवलेल्या मूत्रपिंडाला अपाय होतो.

क्षयरोगाचा धोका प्रत्यारोपण झालेल्यांना अधिक असतो. सरकारी केंद्रातून मोफत मिळणाऱ्या क्षयाच्या नेहमीच्या गोळ्यांत रिफाम्पिसिन असते. ते सुरू होताच टॅक्रोलिमसची पातळी इतकी पडते की अवयव गमावण्याची वेळ येऊ शकते. त्यामुळे रिफाम्पिसिनऐवजी रिफाब्युटिन किंवा रिफाम्पिसिनविरहित उपचार योजतात, नाहीतर टॅक्रोलिमसची मात्रा बरीच वाढवून वारंवार तपासणी करतात. यासाठी क्षयरोग केंद्र आणि पुण्याचे प्रत्यारोपण केंद्र यांच्यात पहिल्या गोळीआधी बोलणे व्हावे लागते.

हिरडा हे या भागातील आदिवासींच्या उत्पन्नाचे वनोपज आणि परिचित घरगुती औषधही आहे. झाडपाल्याची औषधे घेत असल्याचे रुग्ण डॉक्टरांना सहसा आपणहून सांगत नाहीत. टॅक्रोलिमससोबत त्यांपैकी अनेकांचा परिणाम नीट अभ्यासलेला नसल्याने, न रागावता विचारून नोंद ठेवणे हाही प्रशिक्षणाचा भाग मानला जातो.

मूल्यमापन : प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात प्रत्यारोपण औषधतज्ज्ञ नेमणे व्यवहार्य नाही आणि तशी गरजही नाही. पुण्यातील मोठ्या केंद्रांत फार्म.डी. धारकांसाठी वर्षभराचे निवासी प्रशिक्षण सुरू करणे आणि तेथील औषधतज्ज्ञाला तालुक्यातील डॉक्टर व फार्मासिस्ट यांनी फोनवर विचारण्याची सोय असणे, ही शक्यकोटीतील रचना होय. शेजारच्या जुन्नर तालुक्यात बेल्हे व आळे येथे फार्मसी महाविद्यालये असल्याने स्थानिक पदवीधरही उपलब्ध आहेत. अमेरिकेत चमूतील जागा नियमाने आधी निश्चित झाली आणि विशेषक्षेत्र म्हणून मान्यता व परीक्षा त्यानंतर आली. भारतात समन्वयकांच्या बाबतीत हेच घडले. औषधतज्ज्ञाची नेमणूक नोंदणीच्या अटींत येत नाही, तोवर त्याचे प्रशिक्षण रुग्णालयांच्या इच्छेवरच अवलंबून राहील.