परका कोण, हे ठरवणारा कागद

लीड्सच्या हेडिंग्ले मैदानावर एकाच प्रेक्षागाराच्या दोन बाजूंना दोन खेळ चालतात. एका अंगाला यॉर्कशायरचं क्रिकेट, दुसऱ्या अंगाला लीड्स संघाची रग्बी लीग. 1992 साली क्रिकेटच्या बाजूला मुंबईचा एक मुलगा आला आणि इंग्रजी वर्तमानपत्रांत मोठी बातमी झाली. काउंटीच्या हद्दीत जन्मलेल्यांनाच खेळवायची परंपरा पिढ्यान्‌पिढ्या जपणाऱ्या यॉर्कशायरने खेळवलेला पहिला परदेशी खेळाडू म्हणजे सचिन तेंडुलकर. भिंतीपलीकडे मात्र साठ वर्षं आधीच, 1930 च्या दशकात, क्वीन्सलंडहून आलेला एरिक हॅरिस लीड्सच्या पंखावरून धावत होता. शहर एक, प्रेक्षकही बरेचसे तेच, पण परका कोण याचा हिशेब दोन्हीकडे वेगळा. तेरा-तेरा जणांच्या या खेळात तो हिशेब कसा मांडला गेला आणि कोणी कोणी बदलला, याची ही कुळकथा.

तिचं मूळ मजुरीत आहे. 29 ऑगस्ट 1895 रोजी हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तर इंग्लंडचे क्लब जमले आणि त्यांनी मूळ रग्बी संघटनेशी काडीमोड घेतला. भांडण होतं खाड्याच्या भरपाईचं. शनिवारी सामना खेळायचा तर गिरणीतली किंवा खाणीतली पाळी बुडायची, पगार कापला जायचा. तो भरून द्यावा, एवढीच मागणी होती. नव्या संघटनेने दिवसाला सहा शिलिंगची भरपाई मान्य केली. तीन वर्षांनी, 1898 मध्ये, तिने उघडपणे पैसे देऊन खेळाडू ठेवायला परवानगी दिली, पण सोबत एक अट घातली: खेळाडूला दुसरी खरीखुरी नोकरी असलीच पाहिजे. दारूच्या गुत्त्यात वाढप्याचं काम किंवा बिलियर्डच्या टेबलावर गुण मोजण्याचं काम नोकरी म्हणून चालणार नाही. ही अट 1905 पर्यंत टिकली. माझ्या मते आजच्या परदेशी खेळाडूंच्या कोट्याची खरी पूर्वज तीच. या खेळात खेळाडूकडे मागितलेला पहिला कागद पासपोर्ट नव्हता, तो मालकाचा दाखला होता. आणि तेव्हापासून मैदानात उतरायचा हक्क कौशल्याखेरीज कशावर तरी अवलंबून राहिला.

समुद्रापलीकडचे खेळाडू फार वाट न पाहता आले. 1907-08 मध्ये आल्बर्ट बास्करव्हिलने न्यूझीलंडहून एक संघ इंग्लंडला आणला. त्यातला लान्स टॉड विगन क्लबने ठेवून घेतला. आज चॅलेंज कप अंतिम सामन्यातल्या सर्वोत्तम खेळाडूला मिळणारा चषक याच टॉडच्या नावाचा आहे. म्हणजे इंग्लंडच्या उत्तरेतला हा मानाचा पुरस्कार एका परदेशी खेळाडूच्या नावे दिला जातो, ही गोष्ट कोट्यावर वाद घालणाऱ्यांनी जरूर आठवावी.

ऑस्ट्रेलियाला हे ओहोळ बंद करायचे होते. सिडनीत घडवलेला गडी इंग्लंडचे पाउंड पाहून निघून जातो, मग तिथल्या लीगमध्ये उरतं काय? हा राग रास्त होता. 1927 पासून दोन्ही देशांतल्या संघटनांनी खेळाडूंच्या देवघेवीवर बंदीचे करार केले. ते मधे सैल झाले, पुन्हा आवळले गेले. दुसऱ्या महायुद्धानंतर अशीच एक फट उघडली आणि तिच्यातून ब्रायन बेव्हन आला. ऑस्ट्रेलियन नौदलाच्या जहाजावर कोळसा-वाफेच्या खात्यात काम करणारा, अंगाने काटकुळा, डोक्यावर केस विरळ. लीड्सने त्याला पाहून परत पाठवलं, वॉरिंग्टनने घेतलं. त्याने कारकिर्दीत 796 ट्राय केले. तो विक्रम आजही अबाधित आहे. 1947 मध्ये फट पुन्हा बंद झाली. बंदीच्या वर्षांत असे किती बेव्हन दाराशीच राहिले असतील, याचा विचार मला अस्वस्थ करतो.

1983 मध्ये बंदी उठली आणि तिच्या जागी आली आकड्याची मर्यादा: क्लबला अमुकच परदेशी. तेव्हा इंग्लंडचा हंगाम हिवाळ्यातला. ऑस्ट्रेलियाचा हिवाळा आपल्या उन्हाळ्या-पावसाळ्याच्या सुमारास येतो, त्यामुळे तिकडचा हंगाम संपवून खेळाडू इंग्लंडात काही महिने खेळून जाऊ शकत. माल मेनिंगा सेंट हेलेन्सला आला तो असाच. 4 मे 1985 रोजी वेम्बलीवर चॅलेंज कपच्या अंतिम सामन्यात विगनने हलला 28-24 हरवलं, तेव्हा विगनकडे ब्रेट केनी आणि हलकडे पीटर स्टर्लिंग होता. सिडनीत हे दोघे पॅरामाटा संघाचे जोडीदार. त्या दिवशी लान्स टॉड चषक केनीला मिळाला. पुढे 1996 मध्ये सुपर लीग सुरू झाली, इंग्लंडचा हंगाम उन्हाळ्यात सरकला आणि दोन्हीकडे खेळण्याची ही सोय संपली. आता यायचं तर बिऱ्हाड घेऊनच. कोट्यातली एकेक जागा महाग झाली.

इथे गोष्टीत एक हँडबॉलचा गोलरक्षक शिरतो, ज्याचा रग्बीशी काडीचा संबंध नव्हता. मारोश कोल्पाक हा स्लोव्हाकियाचा, जर्मनीत दुसऱ्या श्रेणीतल्या टीएसव्ही ओस्ट्रिंगेन क्लबकडून खेळणारा. जर्मन हँडबॉल संघटना युरोपीय संघाबाहेरच्या खेळाडूंच्या परवान्यावर ‘ए’ अक्षर छापायची आणि असे दोनच खेळाडू एका सामन्यात चालायचे. फ्रेंच, डॅनिश खेळाडूंना ही अडचण नव्हती, कारण 1995 च्या बोसमन निकालाने युरोपीय संघाच्या नागरिकांवरची अशी बंधनं मोडीत काढली होती. कोल्पाक कोर्टात गेला. स्लोव्हाकिया तेव्हा संघाचा सदस्य नव्हता, पण त्याचा संघाशी सहकार्य करार होता आणि त्यात लिहिलं होतं की कायदेशीर नोकरीत असलेल्या स्लोव्हाक कामगाराला कामाच्या अटींत दुजाभाव नको. 8 मे 2003 रोजी युरोपीय न्यायालयाने निकाल दिला: गोलरक्षकही कामगारच. देशात येण्याचा हक्क या निकालाने कोणालाच दिला नाही, व्हिसा लागणारच होता. पण एकदा आत येऊन कामाला लागलेल्या माणसाला क्लबच्या संघात उपरा म्हणून मोजता येणार नाही, एवढं त्याने ठरवलं.

तसेच करार इतर देशांशीही होते. 2000 साली बेनिनमधल्या कोतोनू शहरात आफ्रिका, कॅरिबियन आणि पॅसिफिक बेटांतल्या देशांशी एक मोठा करार झाला होता. हेतू मदत आणि व्यापार. त्या यादीत दक्षिण आफ्रिका होती, म्हणून काउंटी क्रिकेटमध्ये क्लॉड हेंडरसनपासून कोल्पाक खेळाडूंची रांग लागली, हे आपल्याकडच्या क्रिकेटवेड्यांना ठाऊक असतं. त्याच यादीत फिजी, टोंगा, सामोआ आणि पापुआ न्यू गिनी होते, आणि रग्बी लीगचं सगळं गणित त्यामुळे उलटलं. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड यादीत नव्हते. जगात कुठेही सहज दार उघडणारा ऑस्ट्रेलियन पासपोर्ट इथे कोट्यातली एक जागा खाऊ लागला, आणि एरवी प्रत्येक विमानतळावर उलटसुलट तपासला जाणारा पापुआ न्यू गिनीचा पासपोर्ट त्यातून सुटला. सिडनीत किंवा ऑकलंडमध्ये वाढलेल्या पोरांसाठी आईवडिलांच्या बेटाचा पासपोर्ट नोकरीचं साधन ठरला.

पापुआ न्यू गिनीत रग्बी लीग हा राष्ट्रीय खेळ आहे. तिथला स्टॅन्ली जीन निकालाच्या आधीच, 1996 मध्ये, हल किंग्स्टन रोव्हर्सकडे आला आणि इंग्लंडच्या उत्तरेत लोकांचा लाडका झाला. त्याच्या मागून येणाऱ्यांची वाट या कराराने रुंद केली. हा फायदा अपघाताने झाला, हे मान्य. तरी शंभर वर्षांत प्रथमच नियम गरीब देशाच्या बाजूने झुकला, आणि मला त्यात काही वावगं दिसत नाही.

इंग्लंडच्या संघटनेने मग पासपोर्ट सोडून दुसरं माप शोधलं: खेळाडू घडला कुठे? लहान वयात इथल्या क्लबांत काही हंगाम काढलेला तो इथला, मग त्याचं नागरिकत्व कुठलंही असो. मला हे माप जास्त प्रामाणिक वाटतं. आजी लिव्हरपूलला जन्मली होती म्हणून एखादा आपला होतो, त्यापेक्षा विगनच्या चिखलात पोरवयापासून पडला-उठला म्हणून आपला झाला, हे मनाला पटतं.

31 डिसेंबर 2020 ला ब्रेक्झिटची संक्रमणमुदत संपली आणि कोल्पाकची वाट बुजली. सुपर लीगने परदेशी खेळाडूंच्या जागा पाचावरून सातावर नेल्या, पण त्या जागांसाठी बेटांवरच्या पोरांना पुन्हा ऑस्ट्रेलियनांशी थेट स्पर्धा करावी लागली. दरम्यान दुसरीकडे नवा करार झाला. डिसेंबर 2024 मध्ये जाहीर झालं की 2028 पासून पापुआ न्यू गिनीचा स्वतःचा संघ ऑस्ट्रेलियाच्या एनआरएल या लीगमध्ये खेळेल. त्यासाठी आणि पॅसिफिकमधल्या रग्बी लीगसाठी मिळून ऑस्ट्रेलिया सरकार दहा वर्षांत 60 कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर देणार आहे, आणि त्यामागे चीनला पॅसिफिकमध्ये पाय रोवू न देण्याचा सुरक्षा समझोता आहे. पोर्ट मोर्स्बीला येऊन खेळणाऱ्यांसाठी तिथल्या सरकारने करसवलतही देऊ केली आहे. सिडनीचा खेळाडू या संघात परदेशी असेल.