जरीची घडी आणि तापीचं पाणी

गुजरातचं खूप जुनं छापील कापड गुजरातेतल्या घरांत सहसा सापडत नाही. ते टिकलं इंडोनेशियात, सुलावेसी बेटावरच्या तोराजा लोकांकडे. व्यापारातून तिथे गेलेली काही कापडं कार्बन चाचणीत चौदाव्या-पंधराव्या शतकातली ठरली आहेत. तिथे ती पूज्य वस्तू. विधीपुरती बाहेर काढायची, परत जपून ठेवायची. आपल्याकडे कापड नेसायचं आणि विटलं की बोहारणीला द्यायचं! अशा निर्यातीच्या कापडांचे सुंदर नमुने आज आपल्या सुरतेतच, प्रफुल्ल आणि शिल्पा शाह यांच्या 'तापी' संग्रहात आहेत. त्या संग्रहावर २००२ साली मोठं इंग्रजी पुस्तकही निघालं.

जरीचं दुखणं निराळं. खरी जर म्हणजे रेशमी धाग्यावर गुंडाळलेली चांदीची चपटी तार, वर सोन्याचा मुलामा. म्हणजे हत्ती मेला तरी सव्वा लाखाचा. जुने शालू-पितांबर जाळून चांदी काढणारे गिऱ्हाईक कायमच असतं. माझ्या मते पुरापेक्षा मुशीनंच आपली जरतारी वस्त्रं जास्त संपवली.

पूर विसरूनही चालत नाही म्हणा. ऑगस्ट २००६ मध्ये तापीनं शहराचा बराच भाग बुडवला, तळमजल्यावरच्या ट्रंका चिखलात गेल्या. आमच्या आत्याकडे आजीची चंद्रकळा वाचली, कारण ती माळ्यावरच्या पेटीत होती. तेव्हा पहिली गोष्ट, संग्रह जमिनीलगत नको.

हवेतल्या गंधकाच्या वायूंनी चांदी काळवंडते, त्यात इथली हवा दमट. म्हणून जरीची साडी प्लास्टिकच्या पिशवीत कोंडू नये, वर्तमानपत्रात तर मुळीच गुंडाळू नये. डांबरगोळ्या जरीला लागू देऊ नयेत. कसरीसाठी कडुनिंबाचा पाला ठेवायचा तर पूर्ण वाळवून, पुरचुंडीत बांधून. ओल्या पाल्याचे डाग जात नाहीत. गुंडाळायला खळ धुऊन काढलेलं मांजरपाट किंवा जुनी मलमल उत्तम. जड शालू हँगरला टांगला की स्वतःच्याच वजनानं फाटतो. पावसाळा सरला की दसरा-दिवाळीच्या सुमारास सावलीत उघडावा आणि नवी घडी वेगळ्या रेषेवर घालावी; जर तुटते ती जुन्या घडीवरच.

आणि प्रत्येक गाठोड्यात एक चिठ्ठी हवी. साडी कुणाची, कुठल्या लग्नातली, कुठून घेतलेली. घरातली जाणती माणसं आहेत तोवर विचारून घ्या. पेन्सिलीनंच लिहा, शाई दमट हवेत पसरते.