चाकाची खुर्ची आणि तिचे शिक्षण

पाठीच्या कण्यास इजा होऊन पाय लुळे पडलेल्या मनुष्याला फार काळ आयुष्य नसते, अशीच समजूत पहिल्या महायुद्धानंतर रूढ होती. शय्याव्रण आणि मूत्रमार्गाचा दाह यांनी असे सैनिक मृत्युमुखी पडत. १९४४ साली इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल येथे डॉ. लुडविग गुटमन यांनी ही समजूत खोटी ठरविली. त्यांनी खेळ हा उपचाराचाच भाग मानला. २९ जुलै १९४८ रोजी तेथे चाकाच्या खुर्चीतील १६ स्पर्धकांची तिरंदाजीची स्पर्धा झाली. ज्याला इतर जण ढकलीत नेत, तो आता स्वतः खुर्ची चालवू लागला.

तथापि खुर्ची चालविणे ही पद्धतशीर शिकविण्याची विद्या आहे, हे मान्य होण्यास आणखी काही दशके लागली. कॅनडातील हॅलिफॅक्स येथे डॉ. ली कर्बी व त्यांच्या सहकाऱ्यांनी उंबरठा ओलांडणे, चढ चढणे, मागील चाकांवर तोल सांभाळणे अशा कौशल्यांची चाचणी व शिक्षणक्रम सिद्ध केला. शिकविल्याने कौशल्य वाढते, हे प्रयोगांनी दाखविले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००८ च्या मार्गदर्शिकेतही वापरणाऱ्याचे शिक्षण हा खुर्ची पुरविण्याचा आवश्यक टप्पा मानला आहे. केवळ खुर्चीचे दान केल्याने उंबरठा ओलांडला जात नाही, हाच या इतिहासाचा निष्कर्ष होय.